भीमाला घर मिळालं, तुमच्यामुळे

5 वर्षांचा, 55 किलोचा ग्रेट डेन जातीचा कुत्रा. "पिल्लू नाही का?" हे ऐकून ऐकून कान किटले होते. आईच्या आजारपणामुळे पुण्यात लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर यावं लागलं आणि जिने चढता-उतरता भीमाचे मागचे पाय दुखू लागले. सोडून द्या, असं सांगणारेही भेटले. असो.

ज्या ताईंनी दोन महिने ओळखीपाळखीत फोन केले, पण साखळीला बांधून राखणीला ठेवणाऱ्यांना ठाम नकार दिला, त्यांचे आभार कसे मानू? डॉक्टरांनी रेबीजच्या लशीच्या नोंदी नव्या कार्डावर उतरवून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

टेम्पोवाले दादा, तुम्ही तर कमाल केलीत. भीमा काही केल्या चढेना. तुम्ही खाली बसलात, डब्यातली भाकरी मोडलीत, अर्धी स्वतः खाल्लीत, अर्धी आत ठेवलीत. दिवे घाटात तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता.

सासवडजवळच्या ज्या काकांनी त्याला घेतलं, ते आधी तीन रविवार नुसते त्याला फिरवायला आले होते. त्याची जुनी गोधडी धुवू नका, एवढंच म्हणाले. परवा फोटो आला: अंजिराच्या बागेत, सावलीत, त्याच मळक्या गोधडीवर भीमा चारी पाय वर करून झोपलाय.

तुम्ही कुणी नाव लिहू देत नाही, म्हणून हे असं मोघम. आई रोज तो फोटो मागते.