बक्षीसपत्रात लिहायचं राहिलेलं वाक्य

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी 31 वर्षं दस्त लिहिले. सुरुवातीला टाइपरायटरवर, पुढे संगणकावर. खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं सगळंच लिहिलं, पण शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे सर्वांत जास्त आली ती बक्षीसपत्रं, म्हणजे पैसे न घेता मिळकत दुसऱ्याच्या नावावर करून देणारे दस्त. त्यातल्याच एका बक्षीसपत्रामुळे हे पत्र लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी माझं घर शोधत आल्या. वय 71. प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला दस्त होता. मजकूर माझाच, खाली त्यांचा अंगठा. पाच वर्षांपूर्वी राहतं घर त्यांनी मुलाच्या नावावर करून दिलं होतं. घरावर मजला चढवायचा होता आणि कर्जासाठी बँकेला मुलाचं नाव हवं होतं. आता मजला झाला आहे आणि मावशी जिन्याखालच्या खोलीत असतात. तिथे आधी गॅसची टाकी आणि सायकल असायची. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये खात्यावर येतात, पण एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. रक्तदाबाच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मारहाण कुणी करत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, जणू मुलाची बाजू मांडत होत्या. मग दस्त माझ्यापुढे ठेवून विचारलं, “भाऊ, लिहून दिल्यालं परत पुसता येतंय का?”

त्या प्रश्नाने मला अनेक रात्री झोप लागली नाही. कारण मला तो दिवस आठवत होता. माझ्याच टेबलापाशी चहा घेताना मुलगा म्हणाला होता, “आईला शेवटपर्यंत सांभाळणार, तिची काळजीच नको.” दोन्ही साक्षीदारांनी ते ऐकलं, मीही ऐकलं. पण दस्तात ते वाक्य आलं नाही. माझ्या संगणकातल्या ठरलेल्या नमुन्यात “प्रेमापोटी, राजीखुशीने व अक्कलहुशारीने” एवढंच होतं. नाव बदललं, चतुःसीमा बदलल्या आणि कागद छापला.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. त्याचं कलम 23 सांगतं की, मूलभूत गरजा भागवण्याच्या आणि सांभाळण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. सगळं अडतं ते ‘अटीवर’ या शब्दापाशी. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट केलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं नातं आणि माया पुरेशी नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरण आलं. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या या आईनेही मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. उच्च न्यायालय म्हणालं, अट बक्षीसपत्रातच हवी. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही, कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदारपणेच वाचला पाहिजे असं म्हटलं आणि बक्षीसपत्र रद्द करून मिळकत आईच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला. मात्र त्या आईकडे त्याच दिवशी मुलाने लिहून दिलेलं वेगळं वचनपत्र होतं. म्हणजे वचन कुठल्या तरी कागदावर होतं. माझ्या मावशींचं वचन चहाच्या कपाबरोबर विरून गेलं.

2015 साली राज्य सरकारने राहतं घर आणि शेतजमीन मुलांना, नातवंडांना किंवा जोडीदाराला बक्षीस देताना लागणारं मुद्रांक शुल्क 200 रुपयांवर आणलं. हेतू चांगला होता. घरातल्या घरात मिळकत देताना लोकांनी लाख लाख रुपये का भरावेत? पण त्यानंतर मृत्युपत्राचं बोलणं मागे पडलं. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. बक्षीसपत्राने मात्र मालकी त्याच दिवशी जाते. हा फरक समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी नीट समजावून सांगितलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. मीही घाईच्या दिवशी सांगितला नाही. बाहेर आठ जण ताटकळत असायचे आणि मुलगा म्हणायचा, “अटीबिटी नकोत, बँक अडवते.” आई-वडिलांनाही लाज वाटते. पोटच्या पोराला काय अट घालायची, असं म्हणून ते अंगठा पुढे करतात.

सगळी मुलं अशी नसतात. मी लिहिलेल्या बहुतेक दस्तांमधली माणसं सुखाने एकत्र राहत असतील, असंच मला वाटतं. जिथे राहत नाहीत, तिथे मात्र त्रासाला आवाज नसतो. गोळ्या आणायच्या राहतात, जेवणाची वेळ टळते, फोनमधलं सिम कार्ड ‘खराब होतं’, भावकीतल्या लग्नाला न्यायचं राहून जातं. अंगावर वळ नसल्यामुळे शेजारीही म्हणतात, घरातली गोष्ट आहे. हा छळच आहे. ज्येष्ठाला सोडून देण्याबद्दल याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण मावशींना मुलाला तुरुंगात पाठवायचं नाही. त्यांना त्यांची आतली खोली आणि स्वतःचं कार्ड हवं आहे.

मावशींचा अर्ज आम्ही प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे दिला. तिथे वकील लागत नाही. ज्येष्ठाला स्वतःला जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. चरितार्थाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवस वाढवून द्यावा, असं कायद्यात आहे. आमच्या सहा तारखा झाल्या आणि मुदत केव्हाच उलटली. प्रत्येक तारखेला मावशी दोन एसटी बदलून येतात आणि बाकावर बसून राहतात. त्या दिवशी टेबलापाशी काय बोलणं झालं, त्याचं प्रतिज्ञापत्र मी दिलं आहे. ते मान्य होईल की नाही, मला माहीत नाही.

या पत्राद्वारे नोंदणी विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. लिहून देणार, म्हणजे मिळकत देणारा, 60 वर्षांवरचा असेल, तर मुलाबाळांना दोन मिनिटं बाहेर थांबवून त्याला एकट्याला विचारा: घर आजच दुसऱ्याचं होणार हे कळलं का? सांभाळण्याची अट घालायची आहे का? मृत्युपत्राचा पर्याय माहीत आहे का? फोटो आणि अंगठा घ्यायला जेवढा वेळ जातो, तेवढाच याला लागेल. प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर अटीच्या मजकुराचा नमुना लावा. ज्येष्ठ नागरिक संघांनी हा विषय आपल्या सभांमध्ये घ्यावा. आणि आज माझ्या जुन्या टेबलांवर बसणाऱ्या दस्तलेखक बंधूंनो, नमुन्याची वाट पाहू नका. मी आता घरी विचारायला येणाऱ्यांना पुढचा मजकूर लिहून देतो. संपादकांनी जागा असल्यास तो जसाच्या तसा छापावा, म्हणजे वाचकांना कापून ठेवता येईल. वकिलाला दाखवून आपापल्या दस्ताप्रमाणे बदलून घ्यावा.

“लिहून घेणार यांनी लिहून देणार यांस त्यांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू द्यावयाचे असून त्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी व इतर मूलभूत गरजा भागवावयाच्या आहेत, या अटीवर सदरची मिळकत बक्षीस दिली आहे. या अटीचा भंग झाल्यास सदरचे बक्षीसपत्र आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 चे कलम 23 प्रमाणे रद्द करून घेण्याचा व मिळकतीचा ताबा परत मिळण्याचा लिहून देणार यांस हक्क राहील.”

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक, जि. सातारा