ध्रुवाकडे न्यायचं हेलिकॉप्टर स्पीड बघून निवडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंटार्क्टिकाचं नाव पेपरात आलं की बर्फ किती वितळला एवढंच येतं, तिकडचे पक्षी वाचवायला जाणारी माणसं कुठल्या मशीनच्या भरवशावर जातात हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी वायुसेनेत हेलिकॉप्टरच्या मेंटेनन्सला होतो, रिटायर होऊन आता नागपुरातच असतो. इथली एरोनॉटिकलची पोरं भेटली की स्पीड, रेंज नि किंमत यावरच बोलतात. बाप्पा, तिकडच्या कामाला हा हिशोब पुरत नाही.

अंटार्क्टिकाच्या वाटेवर, दक्षिण अटलांटिक समुद्रात असलेल्या साउथ जॉर्जिया बेटाचंच घ्या. सील आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांमधून तिथे उंदीर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटले. मग २०११, २०१३ आणि २०१५ मध्ये तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरखाली बादली टांगून विषारी आमिष टाकलं, तेही जीपीएसच्या रेघांवर, मधे पट्टा सुटला तर तिथले उंदीर पुन्हा बेटभर होणार. टप्पे करता आले कारण मधल्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नव्हत्या, पण त्या मागे सरकत होत्या, म्हणून घाई. २०१८ ला बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथला पिपिट, जो त्या भागातला एकुलता एक गाणारा पक्षी, परत घरटी करू लागला. मला हे फार मोठं काम वाटतं.

आणि त्यासाठी निवडलं काय, तर बोल्को १०५ हे जर्मन हेलिकॉप्टर, पहिलं उड्डाण १९६७ चं! पण नीट बघा. दोन इंजिनं, रोटरच्या म्हणजे वरच्या पंख्याच्या टायटॅनियम हबला, जिथे पाती जोडतात तिथे, बिजागऱ्या नाहीत त्यामुळे डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या वाऱ्यात कंट्रोल लगेच मिळतो, मागे मोठी दारं, आणि जहाजावरून नेता येईल एवढा आकार. त्या बेटावर धावपट्टीच नाही, जवळची वस्ती म्हणजे फॉकलंड बेटं, तीही सुमारे १४०० किलोमीटर दूर, म्हणजे बाहेरून कोणी वाचवायला येणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, तिथे एकच भारी हेलिकॉप्टर नेण्यापेक्षा साधी दोन न्यावीत, एक अडकलं तर दुसऱ्याने माणसं आणायची.

थंडीबद्दलही गैरसमज आहे. नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला हवा विरळ होते आणि हेलिकॉप्टरची वजन उचलायची ताकद घटते, थंड दाट हवेत उलट ती वाढते. तिकडे त्रास बॅटरीचा, घट्ट होणाऱ्या ऑइलचा आणि ब्लेडवर धरणाऱ्या बर्फाचा. पिस्टन इंजिनवालं स्वस्त मशीन घेतलं तर त्याला पेट्रोलसारखं पटकन पेटणारं इंधन जहाजावर ठेवावं लागतं, टर्बाइनचं जेट फ्युएल त्या मानाने सेफ. आवाजाचंही बघायला पाहिजे, पक्ष्यांच्या वसाहतीवरून २००० फुटांच्या खाली उडू नये अशी अंटार्क्टिकाची गाइडलाइन आहे.

आपली मैत्री आणि भारती ही स्टेशनं तिथे आहेत, २०२२ पासून अंटार्क्टिकाचा आपला स्वतःचा कायदाही आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नवीन एलयूएच या हलक्या हेलिकॉप्टरचा मला अभिमानच आहे, पण त्याला इंजिन एकच. स्टेशनच्या आसपास जमिनीवर जरूर वापरा, समुद्रावरून बादली टांगून उडायचं असेल तर मात्र दोन इंजिनांचंच घ्या. आपल्या पेपरने हा विषय एकदा सविस्तर छापावा ही विनंती.

आपला,
वायुसेनेतला एक निवृत्त तंत्रज्ञ, नागपूर