वहीवाल्या मॅडम आठवतात का?

प्रिय मित्रा,

चार महिने तुला धड उत्तर दिलं नाही, चिडला असशील. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

छोटी कर्जं देणाऱ्या आमच्या संस्थेची एक शाखा दोन वर्षं पहिल्या नंबरवर होती. खर्चाचं प्रमाण सगळ्यात कमी, एका फील्ड ऑफिसरमागे 700 कर्जदार, प्रत्येक मीटिंगला मीच तिचं कौतुक करायचो. परवा तिथे सहज पासबुकं बघायला बसलो तर एका ताईंच्या पासबुकात तीन हप्त्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या. विचारलं तर म्हणाल्या, साहेब, हप्ते थकले होते, मग सरांनी नवीन कर्ज दिलं, त्यातूनच जुनं वळतं करून घेतलं. अशी कर्जदार ताईंच्या गटांची निम्मी सेंटरं निघाली रे!

गणित बघ. 100 कर्जावर 12 खर्च म्हणजे 12 टक्के, थकलेल्यांनाच नवं वाढीव कर्ज देऊन येणं बाकी 120 झाली की तोच खर्च 10 टक्के दिसतो. आणि 30 दिवसांच्या वरची थकबाकी जवळजवळ शून्य, कारण 30 दिवस व्हायच्या आतच कर्ज नवं होतंय. इन्सेंटिव्ह आपण फक्त वाटपावर ठेवला होता ना, मग मॅनेजर दुसरं काय करणार? 2010 ला आंध्रात कर्जावर कर्ज चढलं आणि वसुली कोसळली तेव्हा आपण दोघं रात्र रात्र यावरच बोलायचो, तरी मी आकड्यालाच भुललो.

तू म्हणायचास सॉफ्टवेअर सगळीकडे एकच असतं, मॅनेजर बघ. त्यावरून मी तुझ्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. तू जिंकलास, पण कॅरमचा तो शेवटचा डाव माझाच, त्यात माघार नाही.

आपल्या दुसऱ्या शाखेच्या मॅनेजर, वहीवाल्या मॅडम, एका ऑफिसरला 400 च्या वर कर्जदार देत नव्हत्या. प्रत्येक चुकलेल्या हप्त्यापुढे वहीत कारण असायचं, नवरा आजारी, शिलाई मशीन बंद, दुसऱ्या संस्थेचं कर्ज. स्वतः जाऊन बघून लिहायच्या. त्यांचे ऑफिसर वर्षानुवर्षं तेच, म्हणून नवी माणसं शिकवायचा खर्च नाही, कर्ज बुडीत जात नाही. पण हे सगळं दिसायला वेळ लागतो आणि माझ्या रिपोर्टात त्यांची शाखा 'महागडी' ठरली. गेल्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, मी सहीसुद्धा केली त्यावर.

त्या माझा फोन उचलत नाहीत, तुझा उचलतील. आधी तू बोल, मग मी स्वतः जाऊन माफी मागतो.

लेकीची ॲडमिशन झाली का? घराचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

तुझाच