टिळक गेल्याची बातमी

बांदोडा, फोंडा
२८ ऑगस्ट

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

चार महिन्यांत तुला पत्र नाही आणि फोनवर जे बोललो त्यातले निम्मे खोटे होते, तेव्हा हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच आणि शिव्या मागाहून घाल. आमच्या प्रकृती ठीक आहेत. माझी साखर आटोक्यात आहे, हिची कंबर पावसात नेहमीप्रमाणे धरते, आणि आई या वयातही गणेश चवथीच्या माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळापानांची) यादी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.

माझ्या तळ्यातला टिळक मासा गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच गेला. त्यानंतर तू दोनदा विचारलेस आणि दोन्ही वेळा मी 'मजेत आहे' म्हणून मोकळा झालो. तू फोटो मागितलास तेव्हा मागल्या वर्षीचा पाठवून दिला, आणि 'कपाळावरचा टिळा अजून जशास तसा आहे' असे तू कौतुकाने कळवलेस. तो कसा हलणार, फोटोच वर्षापूर्वीचा होता! हे असेच चालले असते, पण परवा तुझ्या धाकटीने फोनवर सांगितले की तिला चवथीला टिळकाला स्वतःच्या हाताने खाऊ घालायचा आहे. मी 'ये हो' म्हणालो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तूच तो पिशवीत घालून आणला होतास, बोटभर लांबीचा, पांढराशुभ्र, कपाळावर तेवढा एक लाल गोल. इतर मासे दाण्यांवर तुटून पडत आणि हा आठ दिवस तोंड फिरवून बसला, तेव्हा 'हा टरफले उचलणार नाही' असे म्हणून तूच त्याचे बारसे केलेस. पुढे तो हातभर झाला आणि माझ्या पावलांचा कंप ओळखून काठाशी येऊ लागला. 'रंगीत कोई मासे काय पाळतोस, रोहू-कटल्याचेच भाऊबंद ते, हुमण तरी कर,' हे तुझे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कोई कार्पच्याच कुळातला, हे मी त्या दिवशीही नाकारले नव्हते. जपानच्या निईगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी हिवाळ्यात खायला पाळलेल्या कार्पमध्येच रंगाचे मासे निपजले आणि १९१४ सालच्या तोक्योच्या प्रदर्शनानंतर त्यांचा बोलबाला झाला, एवढेच मी सांगत होतो. त्यावरून आपण वहिनींसमोर तासभर भांडलो आणि जेवणात बांगडा होता.

आता मूळ गोष्ट. तुला रसायन सांगायचे म्हणजे भटाला मंत्र शिकवणे, पण तुला मासे कळत नाहीत आणि मला रसायन कळत नाही, आणि या दोन अज्ञानांच्या मधल्या जागेत टिळक मेला. म्हणून सविस्तर लिहितो.

माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. गाळणीच्या पिंपातले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि मासे जगतात ते या जिवाणूंच्या जिवावर. मात्र हे काम करताना ते पाण्यातला क्षार, म्हणजे आंबटपणा मारणारा अंश, खात असतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतका क्षार लागतो. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मुळातच हलके आणि किंचित आंबट, त्यात क्षार तो किती असणार? तरीही सहा वर्षे माझे तळे बिनतक्रार चालले, आणि त्याचे श्रेय मी माझ्या निगुतीला देत होतो. खरे काम आतला सिमेंटचा गिलावा करत होता. त्यातून थोडाथोडा चुना सुटत होता आणि माझ्या नकळत पाणी सावरले जात होते.

मे महिन्यात मी तळे उपसले आणि झिरपा थांबावा म्हणून आतून रबरासारखा लेप मारून घेतला. 'चालते आहे त्याला हात लावू नकोस,' असे तू एप्रिलमध्ये म्हणाला होतास. हेही या पत्रात मान्य करून टाकतो, एका टपालात जेवढे मान्य करता येईल तेवढे करावे. त्यावर आणखी शहाणपणा असा की पाणी फुकट जाऊ नये म्हणून मागच्या छपराची पन्हळ मी तळ्यात सोडली. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि पावसाच्या पाण्यात क्षाराचे नाव नाही. जून संपेपर्यंत अकरा हजार लिटरच्या त्या तळ्यात मी सहा वर्षांची पुंजी वाहवून टाकली होती.

जुलैच्या सुरुवातीला मासे मंदावले. पर अंगाशी मिटून तळाशी बसू लागले आणि दाणे टाकले तर एखादाच वर येई. मला वाटले, ढगाळ हवेने भूक मंदावली असेल. पाणी इतके नितळ होते की तळावर पडलेले सुपारीचे फूल दिसत होते, आणि नितळ म्हणजे निरोगी हा माझा जुना गैरसमज. शेवटी तपासणीच्या बाटल्या काढल्या. नळीत पीएचचे, म्हणजे आंबटपणा मोजायचे, थेंब टाकले आणि पाणी हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले, म्हणजे सहा किंवा त्याहूनही खाली. (तुमच्या पाठ्यपुस्तकात पीएचला सामू म्हणतात, आमच्या गल्लीत त्या नावाचा एक कुत्रा आहे.) एवढ्या आंबट पाण्यात जिवाणूंनी कधीच हरताळ पुकारला होता. अमोनियाची नळी खरे म्हणजे त्याच वेळी भरायला हवी होती. ती भरली नाही, कारण ती भरली की पाच मिनिटे थांबावे लागते, आणि थांबणे मला जमत असते तर आपण दोघे बारावीच्या प्रात्यक्षिकाला पकडलो गेलो नसतो.

ते तुला आठवतच असेल. ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या नळीची, तोटी सरळ उघडून मी फ्लास्कात जास्वंद फुलवत असे आणि तू शेजारून दात ओठ खात म्हणत असस, 'अरे, शेवटचा एक मिलिलिटर थेंबाथेंबाने सोड!' मग माझ्या वहीत तू तुझीच रीडिंगे भरलीस, परीक्षकांना दोन्ही वह्यांत दशांशापर्यंत सारखे आकडे दिसले, आणि आपण तीन महिने एकमेकांशी बोललो नाही. त्यात दोष माझा होता, हे मी अडतीस वर्षे मानले नाही. आता मानतो.

कारण मी पुन्हा तेच केले. वाण्याकडून दोन किलो खाण्याचा सोडा आणला, बादलीत कालवला आणि संध्याकाळी साडेसहाला सगळाच्या सगळा तळ्यात ओतला. कारंजे चालू ठेवले आणि समाधानाने जेवायला बसलो.

पुढचे तू माझ्याआधी ओळखले असशील. जिवाणू बसून होते त्या सगळ्या दिवसांचा अमोनिया पाण्यात साठला होता. पाणी आंबट होते तोवर तो अमोनियमच्या सोज्वळ रूपात निपचित पडून होता. आपल्या अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात पीएच सहा असताना त्यातला हजारात एक भागसुद्धा विषारी नसतो, आणि पीएच आठ झाला की शंभरात सहा-सात भाग विषारी होतात. म्हणजे मी एका रात्रीत विष सुमारे नव्वदपटीने वाढवले, आणि तेही औषध म्हणून. आधी पाणी बदलून साठा कमी करायचा आणि मग सोडा मुठीमुठीने, दिवसांच्या अंतराने द्यायचा, ही साधी रीत मला नंतर वाचून कळली. तुला ती न वाचताच सुचली असती.

पहाटे पाचला आई फुले काढायला गेली आणि तिने हाक मारली. विजेरीच्या उजेडात पाहतो तो नऊही मासे वर आले होते आणि तोंडे उघडीत होते. दोन उलटलेच होते. टिळक कारंज्याच्या खाली एका कुशीवर कलला होता, अधूनमधून झटका दिल्यासारखा पुढे जाई आणि पुन्हा कलंडे. मी पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांत सरळ धरले. त्याचे कल्ले उघडमीट करताना आत लालभडक दिसत होते, आणि अंगावर एरवीपेक्षा दाट बुळबुळ आली होती, चिरलेल्या भेंडीसारखी. बंडू, तो माझ्या हातांतून सुटायला धडपडला नाही, हे मला सगळ्यांत लागले. काठाशी येणारा मासा होता, पण हात लावलेला त्याला कधी खपत नसे.

शेजारच्या कुळागरातला पंप मागून आणला आणि विहिरीचे पाणी सोडले. दुपारपर्यंत निम्मे तळे बदलले. गंमत पाहा, ज्या आंबट पाण्याला मी सहा वर्षे नावे ठेवली, त्याच पाण्याने अमोनियाही पातळ केला आणि पीएचही खाली ओढला, आणि सहा मासे वाचले. टिळक साडेनऊच्या सुमारास गेला. तेव्हा कुठे मी अमोनियाची नळी भरली. ती कारल्याच्या पानासारखी गर्द हिरवी झाली, आणि या वेळी पूर्ण पाच मिनिटे मी तिच्याकडे पाहत बसलो.

त्याला मागच्या चिकूखाली पुरला. त्याच दुपारी ताटात सुके बांगडे होते, कारण मासेमारीची बंदी एकतीस जुलैपर्यंत, ताजे मिळत नव्हते. ही म्हणाली, 'आज नको असेल तर राहू दे.' मी खाल्ले. तू हसशील म्हणूनच सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो एक तर टिळकासाठी रडणे खोटे म्हणेल किंवा बांगडा खाणे क्रूर म्हणेल.

आता पन्हळ तळ्यातून काढली आहे. गाळणीच्या पिंपात जाळीच्या पिशवीतून पाच किलो तिसऱ्यांची शिंपले टांगली आहेत, जुन्या घरांचा चुना ज्याचा भाजत तोच माल. पाणी आंबट होऊ लागले की शिंपले आपोआप झिजतात आणि आंबटपणा सरला की झिजायची थांबतात, म्हणजे ब्युरेटची तोटी माझ्या हातात उरत नाही, हा त्यातला मोठा फायदा. श्रावणात आमच्या घरी मासळी बंद, तेव्हा शिंपले पलीकडच्या बायांकडून मागून आणली आणि मागच्या चुलीवर उकळली. त्या वासाने आईने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. सोडा आता देतो तो मोजून, पाव किलोच्या आत, आणि त्याआधी दोन्ही नळ्या भरून. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालतो, कारण पावसाळ्यात वीज जाते ती नेमकी रात्री, आणि शेवाळानेही प्राणवायू ओढायची वेळ तीच. एवढी सगळी अक्कल मला सहा माशांसाठी आली आहे. नऊ होते तेव्हा ती कुठे होती, असा प्रश्न आईने विचारला आणि मी उत्तर दिले नाही.

खंड्या मात्र खूश आहे. वरची जाळी मी त्या गडबडीत काढली ती परत लावायला आठवडा लागला, आणि तो रोज तारेवर बसून आमच्या घरातल्या सुतकाची चौकशी करत होता.

तुझी बदली कोल्हापूरला झाली की बेळगावातच राहिलात, हे मी विचारलेही नाही. वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? थोरल्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्याचे हिच्याकडून कळले, अभिनंदन. त्याला प्रयोगशाळेत माझे नाव सांगू नकोस.

धाकटीला टिळकाचे तू सांगशील की मी सांगू, हे आधी ठरवून कळव. मला वाटते मीच सांगावे, पण मी सांगायला बसलो की सोड्यापर्यंत पोचेपर्यंत चवथ संपेल. आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आताच लिहितो, येताना पिशवीतून नवा मासा आणू नकोस. आणलासच तर तो महिनाभर पडवीतल्या वेगळ्या पिंपात राहील, त्याच्या अंगावरच्या उवा आणि रोग आधी पाहिले जातील, आणि तोवर त्याला नाव ठेवायचे नाही. पिंप मी धुऊन ठेवले आहे.

तुझा,
नाना