रिपोर्ट खासगी, पासवर्ड उघड्यावर

कर्वे रस्त्यावरच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात सुनेबरोबर गेले होते. काउंटरवरच्या मॉनिटरलाच पासवर्डची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. स्वागतिका स्वतःच्या मोबाइलवरून पेशंटांचे वीर्यतपासणीचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होती. एक नाव तर मला खुर्चीतूनच वाचता आले! जी गोष्ट जोडपी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत, तिची ही गत. नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सची यंत्रणा कित्येक दिवस ठप्प झाली होती, तिथे या छोट्या केंद्रांचे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अशा हलगर्जीपणाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे म्हणे. तो राहू दे, प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळे लॉगिन आणि रिपोर्टच्या पीडीएफला पासवर्ड, एवढे तरी आरोग्य विभागाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे