आमचा कागद वाचून देणाऱ्या मोडीवाचक काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमचे मूळपुरुष १७५८ साली राघोबादादांच्या फौजेबरोबर अटकेपर्यंत गेले आणि पुढे पानिपतावर पडले, हे आमच्या घरात लहानपणापासून पाठ. पौष शुद्ध अष्टमीला आजी त्यांच्या नावानं दिवा लावायची. याला आधार एकच, आजोबांनी उतरवून ठेवलेली वंशावळ.

ती हातात घेऊन तुम्ही पहिलं विचारलंत, “ही मुळात लिहिली कधी, आणि कोणाला दाखवायला?” आजोबांनी जिच्यावरून ती उतरवली ती मूळ कैफियत, म्हणजे लेखी निवेदन, इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढची, १८५२ च्या कायद्यानंतरची. इनाम टिकवायचं तर पूर्वजांची चाकरी दाखवणं भागच होतं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, गरजेपोटी लिहिलेला कागद. इतकी वर्षं मला हे सुचलंच नव्हतं.

मग ट्रंकेतली साऱ्याची पावती. मोडीत शब्द सुटे नसतात, त्या एका ओळीवर तुम्ही अर्धा तास भिंग धरून बसलात. ‘खमस सितैन मया व अलफ.’ पाच, साठ, शंभर, हजार, असं बोटांवर मोजून दाखवलंत. जुन्या मराठी कागदांतल्या अरबी आकड्यांच्या कालगणनेचा, शुहूर सन ११६५, म्हणजे इसवी सन १७६४-६५. पानिपत ११६१ चं. त्यानंतर चार सनांनी आमचे मूळपुरुष गावात सारा भरत होते!

माझा चेहरा पडला. तुम्ही शांतपणे म्हणालात, “नावापुढचं ‘बिन’ वाचा, म्हणजे कोणाचा मुलगा ते.” बापाचं नाव वंशावळीत एक, पावतीवर दुसरं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे दोन सख्ख्या भावांच्या मुलांचं नाव एकच. वाटणीपत्रातली पुढची नावं पावतीवाल्याशी जुळतात. आम्ही त्याचे, गावात राहिलेल्याचे. कैफियतीत दोन चुलतभावांचा एक माणूस झाला होता.

अटकेचं तुम्ही खोटंही म्हटलं नाहीत, खरंही नाही. “दुसरा कागद मिळेपर्यंत पेन्सिलीनं लिहा,” एवढंच.

बाबा ऐंशीचे आहेत. दोन दिवस ते या विषयावर बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वंशावळीवर दुसरी फांदी काढली, पेन्सिलीनं. तुमचे उपकार मला तेव्हा खरे कळले. दिवा आम्ही लावणारच आहोत, त्या चुलत्यासाठी.

ट्रंकेच्या तळाशी कापडात बांधलेल्या कागदांचा एक रुमाल अजून सोडलेला नाही. दिवाळीनंतर याल का? बाबा वाट पाहताहेत.

आपला ऋणी,
पावतीवाल्याचा वंशज