बापूला आवर

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही, काय शिव्या घालायच्या त्या घालून घे. तब्येत बरी, साखर ताब्यात. विषय बापूचा आहे.

सिन्नरच्या माळावर बापू यंदा वारारोधक झाडं लावतोय. पण कशी, तर पश्चिमेच्या बांधावर सुरूच्या झाडांची एकच ओळ, दोन-दोन फुटांवर. म्हणतो, "भिंतच उभी करतो." तुझ्या निलगिरीवरून आपण महिनाभर अबोला धरला होता, ते वेड यापुढे शहाणपण वाटावं!

अरे, भिंत हीच तर खोट. दाट आडोशावर आदळलेला वारा वर उसळतो आणि पलीकडे लगेच भोवरे करत खाली येतो, म्हणजे थेट त्याच्या द्राक्षाच्या मांडवावर. निम्मा वारा अडावा, निम्मा फांद्यांतून गाळून जावा. मग वीस फुटी झाडं दोनशे-तीनशे फूट रान राखतात. शिवाय वय वाढलं की सुरू खालून उघडा पडतो आणि बुंध्यांमधून वारा आणखी जोरात घुसतो.

तीन ओळी हव्यात, दहा-दहा फुटांवर. वाऱ्याच्या अंगाला निरगुडी, कारण शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मधे करंज आणि कडुनिंब. आत शेवगा, तो लवकर वर येतो. एका ओळीतलं झाड दुसरीतल्या फटीसमोर यावं. गाडीवाट सरळ ठेवली तर सगळा वारा तिथूनच घुसणार, म्हणून ती तिरपी काढायची. मांडवाच्या बाजूला दोन-तीन फूट खोल चर हवा, नाहीतर करंजाची मुळं द्राक्षाचं पाणी पितील.

आणि तो माळ! वीतभर माती, खाली मुरूम. आधी उताराला आडवे समतल चर, माती खालच्या अंगाला, तिच्यावर मारवेल गवत. खड्डे दोन-दोन फुटी, उन्हात तापलेले. जेसीबीने काढले तरी कडा कुदळीने फोडायच्याच, नाहीतर खड्ड्याची कुंडी होते आणि मुळं आतच घिरट्या घालतात. भरताना बंधाऱ्यातला गाळ आणि मुरूम निम्मे-निम्मे, वर दोन पाट्या शेणखत, पण कुजलेलं. बापू ताजं शेण टाकणार आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण देणार, लिहून ठेव.

रोपं त्याला पुरुषभर उंचीची हवीत, पाहुण्यांना दाखवायला. पिशवीत मुळं गुंडाळलेलं उंच रोप आषाढातल्या वाऱ्यात आडवं होतं. दोन फुटी घे म्हणावं. पिशवी काढून तळाची वळलेली मुळं छाटायची, आधाराची काठी वाऱ्याच्या अंगाला, बांधणी सैल. पहिल्या सरीला हुरळून लावायचं नाही. दोन चांगले पाऊस पडून ओल खाली गेली की मग. नंतर खंड पडलाच तर बुंध्याभोवती पालापाचोळा आणि आठवड्याला बादलीभर पाणी.

मी सांगितलं तर "तू पुस्तकी" म्हणतो. तुझं ऐकतो, का ते देव जाणे. रोपांचा विसार अजून दिलेला नाही, तेवढ्यात फोन कर. जेवणाआधी कर, जेवल्यावर तो कुणाचंच ऐकत नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नान्या